मरणाआधी वाटलेलं पुस्तक

माझा नवरा मेला नाही, तिथून या सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

असं म्हटलं की माझी मुलगी सुनी कपाळाला हात लावते. पण मी खोटं कशाला बोलू? थम्रोंग ठरल्या वेळी गेला असता तर आमच्या फेचबुरी गावच्या लोकांनी डोळे टिपले असते, चितेवर चंदनाची फुलं वाहिली असती, निघताना त्याचं पुस्तक काखेत मारून घरी नेलं असतं आणि पंख्याखाली पडून सावकाश वाचलं असतं. वाचून तोंडात बोटं घातली असती, ती आपापल्या घरी. मेलेल्याला कोण जाब विचारायला जातंय? त्याने मनाशी गणित बांधलं होतं ते नेमकं हेच.

चितेला आलेल्यांना पुस्तक वाटायची आमच्याकडे रीतच आहे. गेलेल्या माणसाची हकिगत, त्याचे फोटो, मुलाबाळांनी लिहिलेले चार गोड शब्द. बाई असेल तर तिच्या हातच्या दोनतीन कालवणांची कृती. हे काम मागे राहिलेले करतात. पण थम्रोंग पडला सिनेमाचा दिग्दर्शक. आपल्या फिल्मला दुसऱ्याची कात्री त्याने जन्मात लागू दिली नाही, निदान तो तसं सांगायचा. डॉक्टरांनी यकृतावर गाठ आहे म्हणून सांगितलं, तसा हा मागच्या अंगणात चिंचेखाली टेबल टाकून बसला आणि स्वतःचं चितेचं पुस्तक स्वतःच लिहायला लागला. मी डोकावले की पान उलटं करायचा. हा माझा शेवटचा सिनेमा आहे, रिलीजच्या आधी कुणी बघायचा नाही, म्हणायचा.

पुस्तक छापून आलं. वर आमच्या जुन्या कॅमेरामनने, प्रयूनने काढलेला फोटो, खाली नाव, नावाखाली जन्मतारीख, मग एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. ऐनवेळी तिथे तारखेचा शिक्का मारला की काम झालं. खोके जिन्याखाली रचून ठेवले. मग ऑपरेशन झालं, ते छान झालं, आणि हा उठून बसला. पुढे तर दुसऱ्यांदा भात मागून घ्यायला लागला. खोके तिथेच राहिले. मी त्यांच्यावर फुलाफुलांचं कापड घातलं आणि वर टेलिफोन ठेवला.

बँकॉकच्या एकूण एक निर्मात्याशी भांडून बसलेला हा माणूस. एका शेठने आपली मेहुणी नायिका म्हणून याच्या गळ्यात मारली, तर याने तिला पहिल्याच सीनमध्ये विहिरीत ढकललं आणि पुढचा सगळा सिनेमा गावकरी तिला शोधत फिरले. दुसऱ्याने शेवट बदल म्हणून धोशा लावला, तर याने शेवटचं रीळ सुरुवातीलाच जोडून दिलं. असे किस्से तो रंगवून सांगायचा आणि लोक आ वासून ऐकायचे. मीही ऐकायचे. खोटं का बोलू, मला त्याचा अभिमान होता.

त्या काळी आमचे सिनेमे मुकेच यायचे. प्रोजेक्टरशेजारी माइक घेऊन बसलेली माणसं पडद्याकडे बघत सगळ्यांचे संवाद म्हणायची. मी त्यातलीच एक. माझं नाव सम्नियांग. एका जत्रेत मी नायिका, तिची सासू, खलनायकाने ठेवलेली बाई, रडणारं बाळ आणि भुंकणारं कुत्रं असे सगळे आवाज काढत होते. खेळ संपल्यावर एक किडकिडीत माणूस माइकपाशी आला आणि म्हणाला की कुत्रं सगळ्यात खरं वाटलं. त्या माणसाशी मी लग्न केलं.

लग्नानंतरही धंदा तोच राहिला. खेळाच्या वेळी तो माझ्या शेजारी बसायचा आणि कुठे बोलायचं तिथे कोपराने ढोसायचा. घरीही तसंच. घरमालक, निर्माते, पोलीस, त्याची स्वतःची आई, कुणाशीही वाकडं झालं की याचं कोपर माझ्या बरगडीत आणि मी बोलायला सुरुवात. बंडखोर म्हणून नाव त्याचं आणि तोंड माझं.

त्याचं खरं नाव झालं ते ‘खारट वारा’मुळे. मिठागरात राबणाऱ्या बायकांचा सिनेमा. त्यात पोलीस त्यांना झोडपतात असा एक लांबलचक सीन होता. नदीपलीकडच्या देवळात तो एकदाच दाखवला, त्यातल्या सगळ्या बायका मी बोलले, आणि दोनच दिवसांत बँकॉकहून साहेब लोक जीपमधून आले. फिल्म तोवर लपवून झाली होती. त्या देवळाच्या तळ्यात खांबांवर उभी असलेली जुनी पोथीशाळा आहे. तिथल्या पोथ्यांच्या पेटाऱ्यात. ही जागा तिघांनाच ठाऊक होती: थम्रोंग, देवळातले म्हातारे थोरले भिक्खू आणि आमचा कॅमेरामन प्रयून. साहेबांनी थम्रोंगला उचलून नेलं. तो परत आला तो मान ताठ ठेवून. नाही नाही ते विचारलं, पण मी तोंड उघडलं नाही, म्हणाला. आणि तोवर पेटारा फोडून फिल्म नेलेली होती. ती पुढे कुणी पाहिली नाही.

जो सिनेमा कुणी पाहिला नाही त्यानेच हा मोठा झाला. कॉलेजची मुलं दर वर्षी यायला लागली, छातीवर याचा चेहरा छापलेले शर्ट घालून. सगळं गाव त्याला ‘आचान’ म्हणायला लागलं, म्हणजे गुरुजी. चहाच्या टपरीवर याला खुर्ची पुसून मिळायची.

मग फिल्मचा पत्ता दिला कुणी? थम्रोंग तोंड उघडणाऱ्यातला नव्हे. म्हाताऱ्या भिक्खूंवर शंका घेणं म्हणजे पाप. राहता राहिला प्रयून. तो तेव्हा पीत असे, आणि एका हवालदाराच्या मांडीला मांडी लावून पीत असे. त्याला कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे तोंडावर कुणी बोलत नाही, फक्त कामाला बोलवायचे थांबतात. त्याने कॅमेरा विकला आणि बाजाराच्या तोंडाशी फोटोचा स्टुडिओ टाकला. ओळखपत्राचे फोटो, आणि मयताशेजारी ठेवायचे मोठे फोटो. दारू सोडली. त्याची बायको लमून बाजारात यायची ती मागच्या गल्लीने, कारण पुढच्या रस्त्याने आली की बायका भाजी निवडण्यात एकदम गढून जायच्या. त्या बायकांत मीही होते.

आणि तरी प्रयून आमच्याकडे यायचा. नव्या वर्षाला, सोंगक्रानला, धाकटे थोरल्यांच्या हातावर सुवासिक पाणी घालतात आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. प्रयून थम्रोंगहून थोडा लहान. दर सोंगक्रानला तो जाईच्या पाकळ्या टाकलेला चांदीचा वाडगा घेऊन यायचा, गुडघे टेकायचा, थम्रोंगच्या जोडलेल्या हातांवर पाणी सोडायचा आणि म्हणायचा, दादा, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. थम्रोंग त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडून आशीर्वाद द्यायचा. मला भरून यायचं. केवढ्या मोठ्या मनाचा माझा नवरा, असं मी चार घरी सांगितलंसुद्धा आहे.

यंदा मार्चमध्ये थम्रोंगला बहात्तर पुरी झाली. बारा वर्षांच्या सहा फेऱ्या म्हणजे मोठा टप्पा. सुनीने नऊ भिक्खूंना जेवायला बोलावलं, गावाला आमंत्रण केलं, आणि पाहुण्यांना द्यायला स्तोत्रांची छोटी पुस्तकं छापायला टाकली, त्याच छापखान्यात. ती तसल्याच खोक्यांतून आली. आमच्या जावयाने, तोईने, ती ठेवली कुठे, तर जिन्याखाली. तोई गुणी आहे, बैलासारखं काम करतो, फक्त हातात काय आहे ते बघत नाही.

भिक्खू जेवून आशीर्वाद देऊन गेले. पाहुणे जेवत होते. उन्हाळ्यातला मोगऱ्याच्या पाण्यातला गार भात मी स्वतः केला होता, आणि कौतुक ऐकत पंगतीतून फिरत होते. रिटायर हेडमास्तर सवाट एक पुस्तक हातात धरून बराच वेळ मुखपृष्ठाकडे बघत होते. मला बघून ते अतिशय आदबीने म्हणाले की जन्मतारखेपुढे जागा कोरी सोडायची ही नवीन पद्धत दिसते. मी पुस्तकाकडे बघितलं. प्रयूनने काढलेला फोटो, नाव, तारीख, रेघ. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पलीकडे कॉलेजची मुलं तेच पुस्तक छातीशी धरून थम्रोंगबरोबर फोटो काढायला रांगेत उभी होती. तोई घाम पुसत आला आणि म्हणाला, एकही उरलं नाही आई, फाटकातून जाणाऱ्यांनासुद्धा दिली.

मला तेव्हा फक्त हसं होईल याची भीती वाटली. जिवंत माणसाच्या चितेचं पुस्तक त्याच्याच वाढदिवसाला वाटलं, फेचबुरी दहा वर्षं हसली असती. हसू दे, म्हटलं. पण थम्रोंगने एका मुलाच्या हातात ते पुस्तक पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की मी हातातली पळी खाली ठेवली. तो उठून सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले. नवीन रेशमी शर्ट, गळ्यात चार हार, आणि हा नारळ खवायच्या घोडीवर बसलेला.

“सगळी गेली?” त्याने विचारलं.

“गेली. त्यात काय एवढं? माणूस मेला नाही म्हणून सांगू. आनंदाचीच बातमी आहे की.”

“त्यात नववं प्रकरण आहे,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. मान खाली घालून, एका हाराची फुलं तोडत. त्याला कुणी उलटं टांगलं नव्हतं. कुणी आवाजही चढवला नव्हता. एका खोलीत पंख्याखाली बसवलं होतं, आणि समोरच्या साहेबाने याचे सगळे सिनेमे पाहिलेले होते. साहेब विहिरीतल्या मेहुणीच्या सीनवर खूप हसला. म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाने काम करत राहिलं पाहिजे.

“बर्फाची कॉफी मागवली त्याने माझ्यासाठी,” थम्रोंग म्हणाला. “दूध घातलेली, उंच ग्लासात. मी पोथीशाळेचं सांगून टाकलं, सम्नियांग. ग्लास अर्धा पण झाला नव्हता.”

बाहेर कुणीतरी त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होतं. मी विचारलं, आणि प्रयून? तो म्हणाला, तेही लिहिलंय, सगळं लिहिलंय, त्याची माफी मागितलीय. मी म्हटलं, मेल्यावर? तो फुलं तोडत राहिला.

मला लाज वाटली. हा घाबरला याची नाही. जीपमधून नेल्यावर कोण घाबरत नाही, मी असते तर कॉफीच्याही आधी बोलले असते. मला लाज वाटली ती त्या चांदीच्या वाडग्याची. दर वर्षी ते पाणी याच्या बोटांवरून ओघळायचं आणि हा हात जोडून बसायचा. त्या वाडग्याखाली मी कितीदा परात धरली होती.

आणि एवढी लाज वाटूनही मी पुढे काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला कोपराने ढोसलं. पुस्तकं परत आणायला हवीत, म्हणाला, लोकांनी अजून वाचलं नसेल, फोटो बघून ठेवून देतात. आणि मी निघाले. मी सवयीची गुलाम आहे. आम्ही दोन मोठ्या पिशव्यांत स्तोत्रांची पुस्तकं भरली आणि दारोदार फिरायला लागलो. पानं उलटसुलट लागलीत हो, छापखान्याने घोळ घातला, हे घ्या, ते द्या. असं मी मधाळ आवाजात म्हणायचे आणि थम्रोंग मागे टोपी हातात धरून उभा राहायचा.

पहिलंच घर उबोनचं. तिचं कोपऱ्यावर मिठाईचं दुकान आहे, नारळ-अंड्याची खापरी वडी करते. थम्रोंग दिसला की ती हातातलं टाकून नमस्कार करायची आणि आचान, आचान करत वडीचा कडेचा खरपूस तुकडा खास काढून द्यायची. ती पुस्तक घेऊन आली. मी काही वाचलं नाही हो मावशी, उघडलंसुद्धा नाही, म्हणाली, मी विचारलेलं नसताना. मग एक अख्खा डबा वड्या माझ्या हातात ठेवला. “काकांना द्या,” ती म्हणाली, आणि थम्रोंगकडे न बघता आत गेली.

काका. मी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

हेडमास्तरांनी पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलं होतं. वेळच झाला नाही वाचायला, म्हणाले. पुढच्या फाटकाशी मी कागद सोडला तर आत दात कोरायची काडी खुणेला घातलेली होती, नवव्या प्रकरणात. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. सगळे हसतमुख, सगळ्यांनी दोन्ही हातांनी पुस्तक दिलं, कुणी गार पाणी पुढे केलं, आणि कुणीही काहीही वाचलेलं नव्हतं. कुणी एकाने तोंडावर थुंकावं असं मला वाटायला लागलं. त्यापेक्षा ते सोपं गेलं असतं. मुलांनी बँकॉकला नेलेली तर आता कुठे कुठे पोचली असतील, देव जाणे. पण थम्रोंगला त्यांची फिकीर दिसत नव्हती. तो वाट फिरवून फिरवून एकच घर मागे ठेवत होता, आणि ते मला कळत होतं.

शेवटी पिशवी भरली आणि आम्ही बाजाराच्या तोंडाशी आलो.

प्रयूनच्या स्टुडिओत भिंतभर फोटो आहेत, आमच्या गावातल्या गेलेल्या लोकांचे. त्यातल्या प्रत्येकाला त्याने जिवंतपणी हनुवटी जरा खाली घ्या म्हणून सांगितलं होतं. आम्हाला बघून तो धडपडत उठला. गुडघ्यांनी त्याला पार धरलं होतं. पंखा आमच्याकडे फिरवला, लिंबाचं पाणी आणलं. पानं उलटसुलट लागलीत, हे मी म्हटलं. माझा आवाज मलाच किळसवाणा वाटला.

“ते होय,” प्रयून म्हणाला. “मी कुठे उघडलंय, वहिनी? माणूस जिवंत असताना त्याच्या चितेचं पुस्तक वाचणं बरं नव्हे. मी लमूनपाशी ठेवून दिलंय. दादांच्या आधी माझा नंबर लागला तर राहील वाचायचं, एवढंच.”

वर फळीवर लमूनचा फोटो होता. तिला जाऊन सहा वर्षं झाली. फोटोपुढे पाण्याचा पेला, दोन केळी आणि ते पुस्तक. त्याने स्टुलावर चढून ते काढलं, बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी थम्रोंगपुढे धरलं. थम्रोंगने घेतलं आणि पिशवीत टाकलं. प्रयून खरं बोलत होता, त्याने खरोखरच वाचलं नव्हतं. मी माझ्या नवऱ्याचे खांदे सैल पडताना बघितले. तो चक्क लिंबाचं पाणी प्यायला, प्रयूनच्या मोतीबिंदूची चौकशी केली आणि टोपी घालून उठला. एवढ्या वर्षांत मला त्याची इतकी शरम कधी वाटली नव्हती, स्वयंपाकघरातही नाही.

“दादा, थांबा जरा,” प्रयून म्हणाला. पुढच्या महिन्यात सोंगक्रान, आणि या गुडघ्यांनी तुमच्या घरच्या पायऱ्या चढणं काही जमेल असं वाटत नाही. आता घरी आलाच आहात तर आत्ताच घालतो पाणी.

नको नको म्हणेपर्यंत तो आत जाऊन चांदीचा वाडगा घेऊन आला. जाई नव्हती, म्हणून लमूनपुढचा मोगरा कुस्करून टाकला. खुर्चीला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा. गुडघ्यातून कळ आली ती दाबली. थम्रोंग परत बसला आणि त्याने हात जोडून पुढे केले. दुसरं काय करणार? मी परात धरली.

पाणी पडायला लागलं. प्रयूनने नेहमीचे शब्द म्हटले. मग वाडगा तसाच धरून खाली बघत म्हणाला, “या खेपेला स्पष्टच बोलतो, दादा. पुढे बोलायला मिळेल न मिळेल. पोथीशाळेचं मीच बोललो असणार. त्या हवालदारापाशी, प्यालेलो असताना. मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं, आठवतच नाही. पण मी नाही तर दुसरं कोण असणार? तुम्ही एका शब्दाने कधी विचारलं नाहीत. त्याचंच ओझं जास्त झालं.”

म्हणजे सगळ्या गावाबरोबर त्याने स्वतःही ते खरं मानलं होतं.

माझ्या बरगडीत कोपर लागलं.

मला त्याचा अर्थ चांगला ठाऊक होता. सम्नियांग, बोल. काहीतरी गोड बोल, विषय बदल, नाहीतर तूच सांगून टाक, पण माझ्या जागी तू बोल. कोपर परत लागलं. माझ्या जिभेवर शब्द तयारसुद्धा झाले होते, कुठलाही आवाज हवा तो निघाला असता. मी ओठ घट्ट मिटले. परात धरली होती ती तशीच धरून राहिले आणि त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, माइक बंद पडल्यावर बघायचा तसा.

मग त्याने पाण्याखालचे हात मागे घेतले. पाणी परातीत पडलं.

“तू नाही,” थम्रोंग म्हणाला. “मी.”

त्याने कॉफीचंही सांगितलं. साहेबाचं, पंख्याचं, अर्ध्या ग्लासाचं. आवाज चिरका येत होता, मध्येच अडकत होता. मी बोलले असते तर शंभर पटीने चांगलं बोलले असते. रस्त्यावरून आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत गेली.

प्रयून गुडघ्यांवरच होता. त्याने वाडगा हळूच जमिनीवर ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी माहिती विचारावी तसं विचारलं, “दर वर्षी मी पाणी घातल्यावर तुम्ही काय म्हणायचात?”

“जाऊ दे, प्रयून.”

“नाही, काय म्हणायचात?”

थम्रोंगच्या मनगटांवरून अजून थेंब गळत होते. तो म्हणाला, “मनात काही ठेवू नकोस, म्हणायचो. मी कधीच विसरलोय, म्हणायचो.”

प्रयूनने मान हलवली, बरोबर आहे, अशा अर्थी. मग फळीकडे बघितलं. “लमूनपण क्षमा करायची मला,” तो म्हणाला. “म्हणायची, प्यायला होतास, तुला कुठे भान होतं. शेवटच्या दिवशीही म्हणाली.”

मी परात खाली ठेवली. भाजीवर वाकलेल्या बायका मला आठवल्या, आणि त्यांच्यातली मी.

प्रयूनला उठवायला थम्रोंग पुढे झाला, पण त्याने खुर्चीचाच आधार घेतला आणि आपला आपण उठला. पिशवीत हात घालून वरचं पुस्तक काढलं, आपलंच, आणि ते परत लमूनच्या फोटोपाशी नेऊन ठेवलं. स्टुलावरून उतरताना त्याला वेळ लागला.

“हे राहू द्या इथे. आज तिला वाचून दाखवतो,” तो म्हणाला. “बाकीची ज्याची त्याला नेऊन द्या. निघा तुम्ही आता.”

दादा म्हणाला नाही. क्षमेचंही काही बोलला नाही, आणि आम्हीही मागितली नाही. मागायला तोंड कुठे होतं? तो फोटोंच्या भिंतीकडे पाठ करून पंखा आपल्याकडे वळवत होता.

आम्ही बाहेर पडलो. ऊन रणरणत होतं. पिशवी थम्रोंगने घेतली, मीही घेऊ दिली. घराकडे वळायच्या जागी तो कोपऱ्याकडे वळला आणि मी दोन पावलं मागे राहून चालत राहिले.

उबोन दुकानात वड्यांचे डबे पुसत होती. आम्हाला बघून ती पुढे आली आणि सवयीने माझ्याकडे बघायला लागली, बोलणारी मी म्हणून. मी माझ्या चपलांकडे बघत उभी राहिले. थम्रोंगने टोपी काढली. पिशवीतून एक पुस्तक काढलं, दोन्ही हातांत धरलं. कोपर माझ्यापर्यंत पोचेल इतकी मी जवळ नव्हते.

“उबोन,” तो म्हणाला, “हे परत घे. पानं बरोबर लागलीत.”